बर्फाच्या हिवाळ्याचं सामान: वस्तू उत्तम, गरज नकोशी

गाडी लावायची वाट 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद आहे असं धरू. रात्रीत 20 सेंटीमीटर बर्फ पडला की तो भरतो 10 घनमीटर. ताज्या, भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला 50 ते 100 किलो असतं, म्हणजे अर्धा ते एक टन. तोच बर्फ शून्याच्या आसपास ओला पडला तर दोन-तीन टन. एवढा माल सकाळी कामावर निघण्याआधी बाजूला टाकायचा, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पडला तर पुन्हा टाकायचा. बर्फाच्या हिवाळ्यासाठी जे सामान विकलं जातं ते पारखताना हा हिशोब समोर ठेवलेला बरा. जाहिरातीच्या फोटोत तो कुठेच दिसत नाही.

मत आधीच सांगायचं तर यातल्या बहुतेक वस्तू चांगल्या आहेत, काही तर फारच चांगल्या. तरीही राहायची जागा निवडण्याची मुभा असेल तर जिथे यातली एकही लागत नाही अशी ऊबदार जागा निवडावी. उन्हाळ्याचं सामान बंद पडलं तर बहुतेक वेळा घामावर निभावतं. हिवाळ्याचं बंद पडलं तर नळ फुटण्यापासून बोटं गमावण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

सुरुवात स्नोब्लोअरपासून, म्हणजे बर्फ उचलून दूर फेकणाऱ्या यंत्रापासून, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त गैरसमज यातच असतात. याचे मुख्य प्रकार दोन. एका टप्प्याच्या यंत्रात रबरी कडांची पाती जमिनीला घासत फिरतात, बर्फ उचलतात आणि त्याच झटक्यात वरच्या नळीतून बाहेर फेकतात. सपाट डांबरी किंवा काँक्रीटची वाट आणि एका वेळी 15-20 सेंटीमीटरपर्यंतचा हलका बर्फ, एवढ्याला ते पुरतं आणि जमीन अगदी स्वच्छ करून देतं. खडीच्या वाटेवर मात्र ते चालवूच नये. बर्फाबरोबर खडेही तितक्याच जोरात उडतात, आणि समोर शेजाऱ्याची काच आहे की शेजारी, याचं त्यांना काही नसतं.

दोन टप्प्यांच्या यंत्रात पुढचं मळसूत्री पोलादी पातं, म्हणजे ऑगर, बर्फ फोडून मधोमध आणतं आणि मागचा इम्पेलर, म्हणजे वेगाने फिरणारा पंखा, तो लांब भिरकावतो. चाकंही इंजिनच फिरवतं, त्यामुळे ढकलावं लागत नाही. तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाली स्किड शू, म्हणजे जमिनीवर घसरणारे पाय, असतात आणि यंत्राची उंची त्यांच्यावर ठरते. सपाट वाटेवर खालची खरवडपट्टी जमिनीपासून साधारण 3 मिलिमीटर वर हवी, खडीवर दोन-अडीच सेंटीमीटर. लावायची रीत सोपी आहे: पट्टीखाली हव्या त्या जाडीची लाकडी चीप ठेवायची, शूचे बोल्ट सैल करायचे, दोन्ही शू जमिनीला टेकू द्यायचे आणि बोल्ट पुन्हा कसायचे. एक बाजू जरी वर राहिली तरी यंत्र सतत एकीकडे ओढतं, आणि दोष चाकांना दिला जातो.

या यंत्रात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे शिअर पिन. ऑगर आपल्या दांड्याला या मऊ धातूच्या पिनांनीच जोडलेला असतो. बर्फात लपलेला दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं की पिन तुटते, ऑगर थांबतो आणि गिअरबॉक्स वाचतो. पिन मुद्दामच कच्ची केलेली असते. ती सारखी तुटते म्हणून तिथे घरातला जाड कडक बोल्ट ठोकणारे बरेच असतात. पुढच्या दगडाला मग बोल्ट टिकतो आणि गिअर जातात. पिन बदलताना इंजिन बंद करून किल्ली काढायची, स्पार्क प्लगची वायर सोडवून बाजूला करायची, ऑगर हाताने फिरवत त्याचं भोक दांड्याच्या भोकासमोर आणायचं, अडकलेला तुकडा बारीक पंच आणि हातोडीने बाहेर काढायचा, मग नवी पिन घालायची. दोन-चार पिना हँडललाच चिकटपट्टीने बांधून ठेवाव्यात, कारण पिन तुटते ती वादळातच. आणखी एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते: ऑगरच्या नळीला ग्रीस भरायची निपल असते, तिच्यात वर्षातून एकदा ग्रीस भरून, पिना काढून, ऑगर दांड्यावर मोकळा फिरतो का ते बघायचं. गंजून तो दांड्याला एकजीव झाला असेल तर पिन तुटूनही ऑगर सुटत नाही, आणि तिचा काही उपयोग राहत नाही.

दुसरा नेहमीचा त्रास म्हणजे नळी तुंबणं. तापमान शून्याच्या जवळ असतं तेव्हा ओला बर्फ नळीत चिकटून घट्ट बसतो. अशा वेळी इंजिन पूर्ण वेगात ठेवायचं आणि यंत्राचं तोंड अर्धंच भरेल इतकी अरुंद पट्टी घ्यायची. सुरू करण्याआधी नळीत आतून सिलिकॉनचा फवारा मारला तर बराच फरक पडतो. पुष्कळ लोक वेग कमी करून हळूहळू बर्फ चारतात, आणि नळी तुंबते ती त्यामुळेच. ओला बर्फ जोरात फेकला तरच बाहेर पडतो. तुंबलेली नळी साफ करायला यंत्राबरोबर प्लास्टिकचा सोटा येतो. तोच वापरायचा, हात कधीही घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी पट्ट्यात ताण साठलेला असू शकतो. अडकलेला बर्फ सुटताक्षणी इम्पेलर गर्रकन फिरतो, आणि बोटं तुटण्याचे अपघात नेमके असेच होतात.

पेट्रोलचं म्हणाल तर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन महिने टाकीत राहिलं की ओल धरतं आणि कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत डिंकासारखा थर बसतो. पहिल्या बर्फाच्या दिवशी यंत्र सुरू होत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. हंगाम संपताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, किंवा पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालून पाच-दहा मिनिटं चालवून ठेवावं. ऑइल बहुतेक यंत्रांना 5डब्ल्यू-30, म्हणजे थंडीतही पातळ राहणारं, लागतं. उन्हाळी जाड ऑइल थंडीत इतकं घट्ट होतं की स्टार्टरची दोरी ओढता ओढता खांदा भरून येतो. काम झाल्यावर यंत्र मिनिटभर रिकामं चालवून आतला बर्फ झटकला नाही, तर ऑगर रात्रीत डब्याला गोठून बसतो आणि सकाळी पट्टा जळतो.

बॅटरीवरची यंत्रं आता चांगली मिळतात. आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही. पण थंडीत लिथियमची बॅटरी कमी चालते, आणि शून्याखाली गेलेली बॅटरी तशीच चार्जरला लावली तर कायमची खराब होते. ती घरात ठेवून, उबदार असतानाच चार्ज करायची. लहान वाटेला हे यंत्र पुरतं. मात्र रस्ता साफ करणारा नांगर जाताना वाटेच्या तोंडाशी जो बांध घालून जातो, तो मीठमिश्रित, दाबलेला, अर्धवट गोठलेला असतो. तिथे दोन टप्प्यांचं पेट्रोलचं यंत्रच टिकतं, तेही बांध घट्ट होण्याआधी गाठला तर. यंत्राला पाचपैकी चार गुण. एक कापला तो या बांधापायी.

फावडं ज्याला स्वस्त आणि निरुपद्रवी वाटतं त्याने त्याकडे नीट बघावं. रुंद फावडं म्हणजे जास्त काम ही समजूत चुकीची, ओल्या बर्फाचा एक भरलेला घास सहज आठ-दहा किलोचा होतो. 45 ते 50 सेंटीमीटरचं, वाकड्या दांड्याचं फावडं घ्यावं, बर्फ जमेल तितका ढकलावा, उचलावा लागलाच तर फावडं अर्धंच भरावं आणि खांद्यावरून मागे फेकू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, हाताच्या जोरदार कामाने रक्तदाब चढतो आणि वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. या तिन्हींचा भार एकदम हृदयावर येतो. हृदयविकार असलेल्यांनी हे काम करूच नये. मुळात सकाळी उठून करायच्या कामाबद्दल अशी सूचना द्यावी लागते, हीच त्या हवामानाची ओळख पुरे आहे.

बर्फ वितळवायला मीठ. साधं मीठ प्रयोगशाळेत उणे 21 अंशांपर्यंत पाणी गोठू देत नाही, पण रस्त्यावर उणे 9 च्या खाली ते इतकं हळू काम करतं की नसल्यातच जमा. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागतं, ते जवळजवळ उणे 29 पर्यंत चालतं. विरघळताना ते उष्णता सोडतं म्हणून झटपट काम करतं, पण हवेतली ओल धरून फरशीवर निसरडा थरही ठेवतं. पोत्यावरचं नाव न बघता मागची घटकांची यादी वाचावी. पुष्कळ 'जलद' मिश्रणांत साधं मीठच जास्त असतं. प्रमाणही थोडंच लागतं, सहा मीटरच्या वाटेला एक मोठा कॉफीचा मग पुरतो. दाणे एकमेकांपासून वेगळे पडले पाहिजेत, थर दिसता कामा नये. सगळे तिप्पट टाकतात. मग काँक्रीटचे पोपडे निघतात, कडेची झाडं करपतात, कुत्र्यांचे पंजे सोलतात आणि गाडीचा तळ गंजतो. फार कडाक्यात मीठ सोडून सरळ वाळू पसरावी. बर्फ वितळत नाही, पण पाय तरी सरकत नाही.

गाडीसाठीच्या सामानाची यादी तर संपतच नाही. बॅटरीवर सीसीए हा आकडा असतो: उणे 18 अंशांना 30 सेकंद ती किती अँपिअर देऊ शकते ते. त्या तापमानाला बॅटरीचा जोर जवळपास निम्मा उरतो आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. उतरलेली बॅटरी उणे 10 च्या आसपासच गोठून फुटू शकते. पूर्ण भरलेली सहसा गोठत नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की बॅटरीचं आयुष्य खरं कमी करते ती उष्णता. थंडी फक्त ते उघडकीस आणते. उष्ण हवामानाच्या बाजूने लिहिताना हा एक गुण वजा धरावा लागेल.

ब्लॉक हीटर ही त्यातली सर्वात गुणी वस्तू. 400 ते 1000 वॅटची ही कांडी इंजिनचं कूलंट गरम ठेवते. रात्रभर लावून ठेवण्याची गरज नसते. टायमर लावून निघण्याआधी दोन ते चार तास पुरतात, बाकीची वीज वाया जाते. वायर सोडवल्याशिवाय गाडी हलवू नये हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. हिवाळी टायर घेताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह आहे का ते बघावं. नुसतं 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं पुरेसं नाही. साधं रबर 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, त्यामुळे बर्फ नसलेल्या थंड रस्त्यावरही फरक जाणवतो. टायर चारही बदलावेत. दोनच पुढे लावले तर वळणावर मागची बाजू घसरून पुढे यायला बघते. दर साडेपाच अंशांच्या घसरणीला टायरची हवा साधारण 1 पीएसआयने उतरते, म्हणून हंगाम सुरू होताच ती तपासावी. आणि बर्फात अडकलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आलीच तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. ते बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो.

घराकडे वळलं की नळ. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, पण नळी सहसा बर्फाच्या गुठळीपाशी फुटत नाही. गुठळी आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढतो आणि तिथे ती जाते. म्हणून कडाक्याच्या रात्री तोटी बारीक धारेने चालू ठेवायची, म्हणजे दाब निघून जातो. गोठलेली नळी तोटी उघडी ठेवून, तोटीच्या बाजूकडून मागे मागे हेअर ड्रायरने शेकायची. ज्योत वापरली तर पाणी वाचेल, घर नाही. नळीवर गुंडाळायची तापतार घ्यायची तर स्वतःचं तापमान स्वतः सांभाळणारी घ्यावी. एकाच वॅटेजची तार एकावर एक आली की तिथे जळते, आणि गुंडाळताना ती एकावर एक येतेच. छपराच्या कडेला तार लावून बर्फाचे बांध वितळवण्याचा उपाय विकला जातो, पण मूळ दोष माळ्यात असतो. घरातली ऊब वर निसटते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, थंड कडेशी येऊन पुन्हा गोठतो आणि मागचं पाणी कौलांखाली शिरतं. आधी माळ्यातल्या फटी बुजवून इन्सुलेशन घालावं. मग तारेची गरज उरली तर बघावं.

कपड्यांबद्दल थोडक्यात: आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक, सुती नको, कारण सूत घाम धरून ठेवतं. पिसांचं जॅकेट कोरड्या थंडीत अप्रतिम, ओलं झालं की गोळा होऊन निरुपयोगी. बोटं एकत्र राहतात ते मिटन वेगवेगळ्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा उबदार. बूट अर्धा नंबर मोठे, नाहीतर जाड मोजे पायाचं रक्त अडवतात. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे 28 च्या खाली गेलं की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते.

हे सगळं नीट जमवून घरात बसलं तरी हवा त्रास देतेच. उणे 10 अंशांच्या ओलसर हवेतही घनमीटरला जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम बाष्प असतं. तीच हवा आत येऊन 20 अंशांना तापली की आर्द्रता 11-12 टक्क्यांवर येते. ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं, लाकडी फर्निचरला चिरा पडतात. म्हणून ह्युमिडिफायर. तो जास्त चालवला तर खिडक्यांवर पाणी धरतं आणि चौकटीत बुरशी येते. बाहेर उणे 20 असताना आत 25-30 टक्क्यांवर समाधान मानावं लागतं. टाकीत रोज ताजं पाणी, आठवड्यातून एकदा व्हिनेगरने धुणं. एका सामानाने निर्माण केलेला त्रास दुसरं सामान घेऊन निस्तरायचा, असा हा एकूण हिवाळा.

भिंतींतून उष्णता किती निसटते ते आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर उणे 20 आणि आत 20 म्हणजे 40 अंशांचा फरक. बाहेर 38 आणि आत 26 म्हणजे 12 चा. त्याच भिंती, पण गळती तिपटीहून जास्त. उन्हाळ्यात ऊन आणि दमटपणा यांचा भार वर चढतो हे खरं, आणि हिवाळ्यात माणसांची, उपकरणांची ऊब थोडी मदत करते हेही खरं. तरीही दरी मोठीच राहते. उष्ण हवेत तर पुष्कळदा आख्खी खोली थंड करायची गरजच नसते, माणसावर वारा आला की भागतं.

तो वारा देणारा 1200 मिलिमीटरचा छताचा पंखा. साध्या मोटरचा 70-75 वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेली, कमी वीज खाणारी मोटर) 28 ते 35. पाती जमिनीपासून साधारण 2.4 मीटरवर आणि छतापासून किमान 25 सेंटीमीटर खाली हवीत, छताला चिकटलेल्या पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून काही साधत नाही, तो हवा थंड करत नसून अंगावरचा घाम सुकवतो. त्याची मर्यादाही इथेच आहे. हवा 35 च्या बरीच वर आणि कोरडी असेल तर पंखा अंगावर उष्णताच आणून टाकतो.

तिथे एअर कूलर. 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला चांगल्या पॅडचा कूलर 26 च्या आसपासची हवा देतो. 35 अंश आणि 70 टक्क्यांना त्याच कूलरमधून 31 ची, दमट हवा येते, म्हणजे पैसे वाया. समोरची खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे, बंद खोलीत तासाभरात नुसती ओल उरते. क्षारयुक्त पाण्याने पॅड दगडासारखे होतात, म्हणून टाकी पुन्हा पुन्हा भरत राहण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करावी. डासही होत नाहीत. दमट भागात एअर कंडिशनरला पर्याय नाही. तो गरजेपेक्षा मोठा घेऊ नये. मोठा झटपट थंड करून बंद पडतो, हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली गार पण चिकट राहते. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवावा. खिडकीला आतून पडदा लावण्याआधी बाहेरून सावली करावी, काचेतून आत आलेलं ऊन पडदा पूर्ण परत पाठवत नाही.

उष्णता निरुपद्रवी आहे असं मुळीच नाही. हवा गरम आणि दमट दोन्ही झाली की घाम सुकत नाही आणि शरीराकडे दुसरा उपाय नसतो. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि उन्हात राबणारे यांना यात जीवाचा धोका असतो, आणि अशा लाटेत वीज गेली तर पंखा-कूलर सगळंच थांबतं. जागा निवडताना नुसता तापमानाचा आकडा न बघता दमटपणा, रात्रीचा गारवा आणि विजेचा भरवसा हे तिन्ही बघावेत. समशीतोष्ण किंवा कोरड्या उष्ण जागी, जाड भिंती आणि सावलीच्या घरात, वर्षातले बरेच महिने नुसत्या पंख्यावर निघतात. म्हणून उष्ण हवेच्या सामानाला पाचपैकी साडेचार.

देखभाल म्हणाल तर पात्यांवरची धूळ महिन्याला पुसायची. एका पात्यावर जास्त साचली की पंखा डुलायला लागतो. साध्या मोटरचा पंखा पूर्ण वेगावर ठेवूनही हळू फिरू लागला तर मोटर बदलण्याआधी कपॅसिटर बदलून बघावा. मेन स्विच बंद करून वरची वाटी खाली सरकवायची, जुन्यावर जितके मायक्रोफॅरड आणि व्होल्ट छापले असतील तितक्याचाच नवा, त्याच दोन वायरींना जोडायचा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि तेही शर्टाच्या बाह्या दुमडून.